ग्लास

इफान प्रिदर्खच्या स्वयंपाकघरात
चहाच्या डब्यांशेजारी बुटांचे चौदा खोके,
खोक्यांत कागदी पुड्या,
वाण्याने हिंग बांधून द्यावा तशा.
नेरिसने बांधलेल्या. ती जाऊन हा तिसरा पावसाळा,
असं म्हणायची मला सवय. ब्लायनायमध्ये पावसाळे मोजता येत नाहीत,
एकच आहे, चालू.

मी इस्पितळात यकृताचे काप रंगवते,
गुलाबी आणि जांभळे. रविवारी इथे येते.
पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं,
तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
शेवाळ.
आणि याला? शेवाळ.
आणि हे, दगडाला चिकटलेलं, चपटं, फाटे फुटत गेलेलं?
मी जरा थांबले. तेही शेवाळच.
तळ्यावरचं, विहिरीच्या पायरीवरचं,
न्हाणीतलं, ज्यावरून माझी आत्या आपटली.
एकाच शब्दावरून आम्ही सगळे घसरतो, इफान.
तो हसला नाही. वहीत लिहून घेतलं.

मग शिकवलं, पाटीच्या खाणीच्या ढिगाऱ्यावर गुडघे टेकून.
मॉसच्या पानाला बहुधा मधोमध शीर असते,
पानं देठाभोवती गोल चढत जातात.
लिव्हरवर्टची दोन रांगांत, भांग पाडल्यासारखी,
आणि पोटाकडून तिसरी बारीक रांग,
अस्तराला आतून घातलेल्या टाक्यांसारखी.
मूळ कुणालाच नाही. धरून ठेवायला केसांएवढे धागे फक्त,
तहान अख्ख्या अंगाने भागवायची.
आणि लेकरू?
ते आईच्याच अंगावर उगवतं, तिथेच उभं राहतं,
तिचंच खाऊन पिकतं.
घर सोडतात ते बीजाणू.
"आमची लाउरी पर्थला असते, ऑस्ट्रेलियात,"
तो म्हणाला, आणि बूट पुसायला लागला.

आज पुडी क्रमांक दोनशे अकरा.
जिल्ह्याच्या नोंदी ठेवणाऱ्या बाईंचं पत्र आलंय:
कॅलिपोजिया, ठीक, पण कोणती?
नेरिसने जातीची जागा मोकळी सोडली आहे.
खाली पेन्सिलने एकच शब्द. मी वाचला: ग्लास.
ग्लास? पाण्याचा?
ग्लास म्हणजे निळं, इफान म्हणाला. मग सावकाश:
म्हणजे हिरवंही. गवताच्या नावात तोच शब्द आहे.
माझी आई डोंगराला ग्लास म्हणायची. करड्या घोडीलाही.

अडलं होतं नेमकं तिथेच.
हिच्या पेशीपेशीत तेलाचे थेंब असतात;
एका जातीचे निळे, इथल्या बाकीच्यांचे बिनरंगी.
मी थेंबभर पाणी सोडलं.
छत्तीस वर्षांची चुरगळ सैल झाली,
पानं उघडली, मधे काही घडलंच नाही अशा थाटात.
भिंगाखाली पेशींच्या भिंती जागच्या जागी, स्वच्छ.
आतले थेंब नव्हते.
वाळताना आधी ते जातात.
ते ताजेपणीच बघायचे असतात, त्याच संध्याकाळी,
ओला कोट अंगावर असताना.
तिने बघितले होते. किंवा
बघायचे राहिले, आणि समोर होतं ते लिहिलं.

"सगळंच हिरवं असताना हिरवं कोण लिहील?"
मी म्हटलं, खरंय.
मग म्हटलं, माझ्या लॅबमध्ये असा रिपोर्ट दिला तर घरी बसवतील.
मग दोघंही किटलीकडे बघत राहिलो.

नियम असा, की जुनी चिठ्ठी खोडायची नाही, फाडायची तर नाहीच.
तिच्या वर नवी लावायची. नाव, तारीख, सही.
त्याने पेन माझ्याकडे सरकवलं. त्याचा हात
पुडीवरच होता, तो काढायला थोडा वेळ लागला.
मी लिहिलं: कॅलिपोजिया. तेलबिंदू आता दिसत नाहीत.
जातीपुढे रेघ.
रेघेपुढे तिचाच शब्द, माझ्या गोलगोल अक्षरात.

बाई पुन्हा पत्र पाठवतील.
खिडकीच्या चौकटीत, काचेच्या लांबीला धरून
एक बारीकशी गादी वाढली आहे. इफान ती खरवडत नाही.
मी उठून भिंग लावलं.
मॉस, मी म्हटलं. शीर दिसते.